शितावरून भाताची परीक्षा, पण शित कुठलं घेतलं?



गौरी-गणपती उरकले की आपल्याकडं दिवाळीच्या फराळाचा विषय निघतो. या वर्षी तो निघायच्या आधीच मी लिहायला बसले आहे. मागच्या दिवाळीचा पूर्ण हिशेब मोजक्या जणींनाच माहीत आहे, आणि बाकीच्यांपर्यंत तो वेगवेगळ्या रूपात पोचलाय. कुणी म्हणतं माल खराब निघाला, कुणी म्हणतं पुण्याच्या गिऱ्हाइकांनी फसवलं. दोन्ही खरं नाही. चूक अंदाजात झाली, आणि तो अंदाज माझा होता.

आपल्या समूहांचे स्टॉल जिथं लागतात, मग ते मुंबईचं महालक्ष्मी सरस असो, पुण्याची भीमथडी जत्रा असो की फेब्रुवारीत परभणीचा उरूस, तिथं आपण एक रजिस्टर ठेवतो. माल आवडला की गिऱ्हाईक त्यात नाव, फोन आणि ईमेल लिहून जातं. अशी ईमेल असलेली ६०० नावं जमली होती. या लोकांना दिवाळीच्या फराळाच्या डब्याबद्दल मेल पाठवायचा, ऑर्डर घ्यायची आणि कुरिअरनं पाठवायचं, असं ठरलं. कुरिअरचा खर्च गिऱ्हाइकाचा. डबा ४०० रुपयांचा, आणि सामान-पॅकिंग मिळून आपला खर्च डब्यामागं २३० रुपये.

प्रश्न एकच होता. डबे किती करायचे?

मी म्हटलं, आधी थोड्या लोकांना मेल पाठवून बघू. विचार बरोबर होता. शहरातल्या मोठ्या कंपन्यासुद्धा लाखो लोकांना मेल टाकायच्या आधी काही हजारांना टाकून बघतात. मी ४० जणांना पाठवला. आठ जणांचं उत्तर आलं, 'हो, नक्की घेऊ'. चाळिसात आठ म्हणजे शेकडा वीस. मग ६०० मध्ये १२०. वहीत गणित मांडलं, बैठकीत सांगितलं आणि सगळ्या खूश झाल्या. ग्रामसंघातून कर्ज उचललं, १२० डब्यांचं सामान आणलं, नऊ जणींनी आठ दिवस सकाळ-संध्याकाळ राबून चकल्या, शंकरपाळे, करंज्या, अनारसे केले.

प्रत्यक्षात पैसे भरून आलेल्या ऑर्डरी ३१.

पुढचं थोडक्यात सांगते. उरलेल्या ८९ डब्यांपैकी ५२ परभणी आणि जिंतूरच्या बाजारात अर्ध्या किमतीत विकले. ३७ उरले ते घराघरात वाटले, तोवर अनारसे खवट व्हायला लागले होते. सामानाला २७,६०० रुपये गेले. हातात ३१ डब्यांचे १२,४०० आणि ५२ डब्यांचे १०,४००, असे २२,८०० आले. रोखीत ४,८०० चा खड्डा. पण खरा खड्डा मजुरीचा. सगळे डबे गेले असते तर २०,४०० रुपये सुटणार होते, म्हणजे नऊ जणींच्या ७२ दिवसांच्या कामाला रोजाला पावणेतीनशेच्या वर. त्यातला एक रुपयाही कुणाला मिळाला नाही. एका ताईनं त्या आठवड्यात सोयाबीन काढणीची रोजंदारी सोडली होती. ती मला काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

आता हे का झालं ते बघू.

आपल्याकडं म्हणतात, शितावरून भाताची परीक्षा. पातेलंभर भात शिजला का हे बघायला आपण सगळा भात खात नाही, एक शित दाबून बघतो. मीही तेच केलं होतं. पण तुम्ही शित कुठून घेता? चूल एका बाजूनं पेटली असेल तर त्या बाजूचा भात आधी शिजतो. म्हणून कुठलीही बाई आधी पळी फिरवते, तळातलं वर आणते आणि मग शित घेते.

मी पळी फिरवलीच नाही. ते ४० जण मी कसे निवडले? रजिस्टरचं शेवटचं पान उघडलं. ती माणसं महिन्याभरापूर्वीच आपल्याला भेटलेली, चकलीची चव जिभेवर असलेली. त्यात माझ्या ओळखीचे तीन-चार शिक्षक आणि एक-दोन साहेब घातले, म्हणजे उत्तर तरी येईल. येणारच! तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा प्रदर्शनात नाव लिहून विसरून गेलेला माणूस माझ्या चाचणीत जवळजवळ नव्हताच, आणि यादीत अर्ध्याहून जास्त लोक तसेच होते.

हे तुम्हाला नवीन वाटेल, पण तुमच्या शेतात हेच काम दर हंगामात होतं. पीकविम्यासाठी पीक कापणी प्रयोग होतात ना? मंडळातलं प्रत्येक शेत कापून बघता येत नाही, म्हणून काही शेतं निवडतात, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखतात, तेवढंच पीक कापून वजन करतात आणि त्यावरून सगळ्या मंडळाचं उत्पन्न धरतात. शेत कुठलं घ्यायचं हे कर्मचाऱ्यानं मनानं ठरवायचं नसतं. ते आकड्यांच्या चिठ्ठीनं निघतं. नाहीतर रस्त्याकडेचं, ओळखीचं, बरं दिसणारं शेत निवडलं जाईल आणि उत्पन्न जास्त दिसेल. उत्पन्न जास्त दिसलं की विमा गेला. त्यामुळं निवड कशी होते याकडं आपल्या घरातले लोक डोळ्यांत तेल घालून बघतात.

या पद्धतीला शास्त्राचा पाया देणाऱ्यांत एक मराठी माणूस फार मोठा आहे, साताऱ्याच्या बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. १९४० च्या दशकात त्यांनी दाखवून दिलं की पीक कापणीचा तुकडा फार लहान घेतला की उत्पन्न हमखास जास्त येतं. कारण साधं आहे. दोरीच्या कडेवर जे ताट उभं असतं, ते आत धरायचं की बाहेर? कापणारा माणूस ते आत घेतो. मोठ्या तुकड्यात अशी चार ताटं जास्त आली तरी फरक पडत नाही, लहान तुकड्यात आकडा फुगतो. सुखात्मे पुढं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. मी समाजकार्य शिकताना त्यांचं नाव ऐकलं होतं, पण परीक्षेपुरतं. माझ्या मेलच्या चाचणीत मीही कडेची ताटं आत घेतली होती, हे ३७ डबे वाटताना कळलं.

दुसरी चूक मोजण्याची. आठ जण 'नक्की घेऊ' म्हणाले, पण त्यातल्या पाचच जणांनी पैसे भरले. बाकी तिघं खोटारडे नव्हते. 'घेऊ' म्हणणं हे आपल्याकडं 'या एकदा घरी' म्हणण्यासारखं असतं. म्हणून आता नियम केलाय. ज्याचे आगाऊ पैसे जमा झाले तीच ऑर्डर. 'छान उपक्रम', अंगठा, हात जोडलेलं चित्र, यातलं काही मोजायचं नाही.

आणि भागायचं कशानं, तेही बघा. ६०० पत्त्यांतले काही चुकीचे असतात, मेल परत येतो. ते आधी वजा करायचे. व्हॉट्सअॅपवर तर हे आणखी फसवं आहे. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये एका वेळी २५६ नंबर टाकता येतात, पण ज्यांनी आपला नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. तुम्ही २५६ ना पाठवला म्हणता आणि पोचलेला असतो शंभर-सव्वाशेला. दोन टिका आल्या तेवढेच मोजा. निळ्या टिकांवर मात्र विसंबू नका, त्या बंद करून ठेवणारे पुष्कळ आहेत.

मेल किती जणांनी उघडला हे सांगणाऱ्या सेवाही असतात. मेलमध्ये डोळ्याला न दिसणारं एक बारीकसं चित्र घालतात, ते चित्र मागवलं गेलं की मेल उघडला असं धरतात. पण २०२१ पासून अॅपलच्या मेल अॅपमध्ये अशी सोय आली की माणसानं मेल बघितला नाही तरी चित्र आधीच मागवून ठेवलं जातं. म्हणजे न उघडलेलाही उघडला म्हणून मोजला जातो. आपण साधं जीमेल वापरतो, आपल्याला हा आकडा मिळत नाही आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारणही नाही.

आता तिसरी गोष्ट, आणि ही मला सगळ्यात उशिरा कळली. समजा मी पळी नीट फिरवली असती, ४० नावं चिठ्ठी टाकून काढली असती, मोजणीही पैशांवरच केली असती. तरीही ४० वरून ६०० चा अंदाज बांधणं धोक्याचंच होतं.

हे पटवून घ्यायला आम्ही उन्हाळ्यातल्या एका बैठकीत खेळ केला. तुम्हीही करा, फुकट आहे. हरभऱ्याचे ५०० दाणे मोजून घेतले. त्यातल्या २५ दाण्यांना ओलं कुंकू लावून वाळवलं. म्हणजे शेकडा ५ दाणे लाल. सगळे एका पातेल्यात खालीवर केले. प्रत्येकीनं डोळे मिटून ४० दाणे काढायचे, लाल किती ते सांगायचं आणि दाणे परत टाकायचे. शेकडा ५ प्रमाणं चाळिसात २ लाल यायला हवेत. नऊ जणींना आले ते असे: २, १, ३, ०, २, ४, २, १, ३.

पातेलं तेच, दाणे तेच, कुणी लबाडी केली नाही. तरी एकीच्या हाताला एकही लाल लागला नाही आणि एकीला चार लागले. शून्यवाली म्हणाली असती, या धंद्यात काही नाही, बंद करा. चारवाली म्हणाली असती, शेकडा दहा ऑर्डरी येतात, चला ६० डबे करू. दोघीही आपापल्या हातातल्या दाण्यांशी प्रामाणिक आहेत, आणि दोघीही चुकल्या.

म्हणून चाचणीतून एक आकडा कधीच धरायचा नाही. खालचा आणि वरचा असे दोन आकडे धरायचे. ते कसे काढायचे, तर मोबाईलच्या कॅल्क्युलेटरमध्ये वर्गमूळाची खूण असते, फोन आडवा धरला की दिसते. आलेल्या ऑर्डरींचं वर्गमूळ काढा, त्याची दुप्पट करा, ती ऑर्डरीतून एकदा वजा करा, एकदा मिळवा. ९ ऑर्डरी आल्या तर वर्गमूळ ३, दुप्पट ६, म्हणजे ३ ते १५. २५ आल्या तर वर्गमूळ ५, दुप्पट १०, म्हणजे १५ ते ३५. निवड चिठ्ठीनं केलेली असेल तर शंभरातून साधारण ९५ वेळा खरा आकडा या दोहोंच्या मधे सापडतो.

ऑर्डरी अगदी थोड्या असतील तर हा हिशेब जरा कमी पडतो. तिथं हे तयार आकडे वापरा, मी रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत: ० आली तर ० ते ३, २ आल्या तर ० ते ७, ४ आल्या तर १ ते १०, ५ आल्या तर २ ते ११, ६ आल्या तर २ ते १३.

शून्याची ओळ पुन्हा वाचा. पन्नास जणांना मेल पाठवला आणि एकही ऑर्डर आली नाही, तर बाया लगेच हात झटकतात. पण खरं प्रमाण पन्नासात ३, म्हणजे शेकडा ६ असलं तरी असा कोरडा हात येऊ शकतो. निराश होऊन यादी फाडायची गरज नाही. अजून पन्नास जणांना पाठवायचं.

मागच्या दिवाळीचं माझं गणित या रीतीनं मांडू. पैसे भरलेल्या ५, म्हणजे २ ते ११. चाळिसात २ धरले तर ६०० मध्ये ३०, चाळिसात ११ धरले तर १६५. मी बैठकीत सांगायला हवं होतं की '३० पासून १६५ पर्यंत काहीही होईल'. असं सांगितलं असतं तर कुणीही १२० डब्यांचं सामान आणलं नसतं. आल्या ३१. खालच्या आकड्याला अगदी चिकटून आल्या म्हणून मला शाबासकी देऊ नका, तो योगायोग आहे. माझी निवडच वाकडी होती, त्यामुळं खरा आकडा ३० च्या खालीही गेला असता. वर्गमूळ फक्त नशिबाचा हेलकावा सांगतं, वाकड्या निवडीला ते काही करू शकत नाही.

उन्हाळ्यात वाळवणाच्या वेळी दुसऱ्यांदा चाचणी केली. या वेळी चुकीचे पत्ते काढून आणि नवी नावं घालून यादी पुन्हा ६०० ची झाली होती. १ ते ५ अशा पाच चिठ्ठ्या टाकल्या, ३ निघाली, मग तिसरं, आठवं, तेरावं, असं प्रत्येक पाचवं नाव घेतलं. १२० नावं झाली. जुनी, नवी, मुंबईची, परभणीची, सगळी आली. पळी फिरली.

पण मला मोह झाला. मी तीन वेगवेगळे मेल लिहिले. एकात भावाची गोष्ट आधी, एकात समूहाची माहिती आधी, एकात आजीच्या हातच्या कुरडईची आठवण. प्रत्येक मेल ४० जणांना. आठवड्यानं ऑर्डरी आल्या १, १ आणि ४. कुरडईच्या आठवणीला चार! मी उड्याच मारल्या. चाळिसात ४, शेकडा १०, उरलेल्या ४८० मध्ये ४८ ऑर्डरी, असं बोलूनही गेले.

आमच्या सचिव ताई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अगं पोरी, ही तर चार लाल दाणेवाली."

खरंच की. तिघींनी पातेल्यात हात घातला आणि जिच्या हाताला जास्त लागलं तिलाच हुशार ठरवलं. यालाही एक कच्चा नियम आहे. सारख्याच लोकांना पाठवलेल्या दोन मेलची तुलना करताना दोन्हींच्या ऑर्डरींची बेरीज करा, वर्गमूळ काढा, दुप्पट करा. दोघांतला फरक त्याहून मोठा असेल तरच एक मेल खरोखर सरस. इथं ४ आणि १, बेरीज ५, वर्गमूळ सव्वादोनच्या जवळ, दुप्पट साडेचार. फरक फक्त ३. म्हणजे कुरडईचा मेल बरा आहे असं म्हणायला आधार नाही. वाईट आहे असंही नाही. तो वापरायला हरकत नव्हती, पण त्याचा शेकडा १० चा आकडा धरणं चूक होतं. जितके जास्त मेल करून बघाल, तितका त्यातला पहिला नंबर नशिबानं फुगलेला असण्याची शक्यता वाढते.

मग तिन्हींची बेरीज घेतली. १२० मध्ये ६, शेकडा ५. आकडे २ ते १३. उरलेले ४८० म्हणजे चारपट, तर खालचा आकडा ८, मधला २४, वरचा ५२. वाळवण टिकतं, म्हणून खालच्या आकड्यावर अडकून न राहता मधल्याच्या थोडं खाली, २० पुडे आधी तयार ठेवले. नंतर कुरडईचाच मेल ४८० जणांना पाठवला. ऑर्डरी १९ आल्या, म्हणजे शेकडा ४. चाचणीतल्या ६ ऑर्डरींपैकी आधीच्या पुड्यांतून एकच भागली, बाकी पाच पुडे नंतर करून दिले, त्यांना आठवडाभर थांबावं लागलं. कुणी तक्रार केली नाही. माल घरात एकही उरला नाही आणि मजुरी पहिल्यांदा वेळेवर वाटली. फार नाही सुटले, पण सुटले.

इथं एका ताईनं विचारलेला प्रश्न महत्त्वाचा आहे. "मग जास्त लोकांना पाठवून चाचणी केली तर आकडा पक्का होईल ना?" होईल. पण किती जास्त? निदान १६ ऑर्डरी चाचणीत आल्या तर दोन आकडे जरा जवळ येतात, ८ ते २४. शेकडा साडेचार धरलं तर १६ ऑर्डरींसाठी साडेतीनशे लोकांना मेल जाणार. म्हणजे अर्ध्याहून जास्त यादी चाचणीतच संपली, मग ती चाचणी कसली! लाखो पत्ते असलेल्या कंपनीचं जमतं, आपलं जमत नाही. माझं स्पष्ट मत असं की आपल्यासारख्या लहान यादीसाठी चाचणीचा उपयोग मोठी घोडचूक टाळण्यापुरता आहे. १२० आणि ३० यातला फरक ती सांगते, २० आणि २५ मधला सांगत नाही. तो फरक आगाऊ पैसे घेऊन आणि माल दोन टप्प्यांत करून सांभाळायचा.

टप्प्यांबद्दल फराळाचा हिशेब वेगळा आहे, तो नीट समजून घ्या. एक डबा जास्त झाला आणि अजिबात विकला नाही तर २३० रुपये गेले. एक डबा कमी पडला तर १७० रुपयांची कमाई हुकली. वाया जाण्याचा तोटा मोठा आहे, शिवाय त्यात मजुरी धरलेलीच नाही. म्हणून नासणाऱ्या मालाला नेहमी खालच्या आकड्याकडं झुकायचं. अनारसे तर ऑर्डर आल्याशिवाय तळायचेच नाहीत. साखर, रवा, रिकामे डबे यांचं तसं नाही, ते मधल्या आकड्याप्रमाणं आणले तरी पुढं वापरता येतात, आणि ओळखीचा दुकानदार न फोडलेलं पोतं परत घेतो का ते आधीच विचारून ठेवायचं.

वेळेचंही बघा. पगार झाल्यावर पाठवलेला मेल आणि महिनाअखेरीला पाठवलेला मेल, लोक एकसारखे वाचत नाहीत. चाचणी ३ तारखेला केली आणि मुख्य मेल २७ ला पाठवला तर चाचणीचा आकडा तुम्हाला फसवणार. उन्हाळ्यात सहापैकी चार ऑर्डरी पहिल्या दोन दिवसांत आल्या होत्या, पण शेवटची सातव्या दिवशी आली. दुसऱ्याच दिवशी मोजून मोकळं होऊ नका.

साध्या जीमेलवरून एका दिवसात ५०० लोकांनाच मेल पाठवता येतो, म्हणून मुख्य मेल दोन दिवसांत विभागून पाठवू. पत्ते बीसीसीच्या रकान्यात टाकायचे, नाहीतर एका गिऱ्हाइकाचा पत्ता दुसऱ्याला दिसतो. आणि मेलच्या शेवटी 'असे मेल नको असतील तर कळवा' ही ओळ ठेवायची. ज्यांनी नको म्हटलं त्यांचं नाव रजिस्टरात लाल रेघ मारून बंद करायचं, 'एकदाच पाठवून बघू' म्हणून पुन्हा पाठवायचं नाही.

या दिवाळीसाठी प्रभागसंघात असं ठरवायचा विचार आहे. चाचणीचा मेल एकच असेल, प्रत्येक पाचव्या नावाला, दिवाळीच्या आधीच्या महिन्यात पगाराच्या आठवड्यात. सात दिवस थांबायचं. फक्त जमा झालेले पैसे मोजायचे. बैठकीत खालचा, मधला, वरचा असे तिन्ही आकडे फळ्यावर लिहायचे आणि किती डबे करायचे हे ज्या राबणार आहेत त्यांनी ठरवायचं, मी नाही. मागच्या वर्षीच्या नऊ जणींना त्यात पहिला शब्द असावा, असं मला वाटतं.

पुढची बैठक झरीलाच आहे. ज्यांच्याकडं प्रदर्शनांची रजिस्टरं आहेत त्यांनी ती आणावीत, शेवटची पानं फाडलेली असली तरी आणावीत. पाच चिठ्ठ्यांतली एक उचलायला कुणाची तरी लहान मुलगी सोबत घेऊन या. आणि पाचशे हरभरे कुणीतरी घरूनच मोजून आणा, मागच्या वेळी मोजण्यातच पाऊण तास गेला होता.